जोत्यापासून शिकताना

दहावीचा निकाल लागला की विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर, पडेल या पट्ट्यातले पालक माझ्याकडे येऊ लागतात. प्रश्न बहुतेकांचा सारखाच असतो. मुलाला घरं बांधण्यात रस आहे, चित्रकलेत हात बरा आहे, गणितातही तो मागे नाही. मग त्याला आर्किटेक्ट करता येईल का, आणि त्यासाठी मुंबईला पाठवावं लागेल का? हल्ली मुलींसाठीही हा प्रश्न येतो आणि मला त्याचा फार आनंद होतो. मी या गावांत घरं बांधते. माझे वडील गवंडी. मी मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून वाघोटण खाडीच्या अलीकडे देवगड तालुक्यात, पलीकडे राजापूर तालुक्यात जोती आखते आहे. या प्रश्नाचं उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. म्हणून आलेल्यांना मी ओटीवर बसवते आणि सगळं नीट सांगते. तेच इथे लिहिते आहे.

आधी कायद्याचं. आर्किटेक्ट हे बिरुद आपल्या देशात कुणालाही लावता येत नाही. १९७२ च्या कायद्याने ते कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्यांसाठीच राखून ठेवलं आहे. तिथवर जायचं तर बारावी किंवा गणित विषय असलेला तीन वर्षांचा डिप्लोमा, मग प्रवेशपरीक्षा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बी. आर्क. हा रस्ता लांबचा आहे, खर्चाचा आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या मुलाला घर सोडूनच चालावा लागतो. ज्याला झेपेल त्याने जरूर जावं.

पण घराचं रेखाटन आणि बांधकाम शिकायचं तर एवढा एकच रस्ता नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिलचा डिप्लोमा आहे. आयटीआयत दोन वर्षांचा आरेखक स्थापत्य, म्हणजे सगळे ज्याला ड्राफ्ट्समन सिव्हिल म्हणतात तो ट्रेड आहे. गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे जिना आहे, मधे कुठे भिंत नाही. अमेरिकेत हेच काम कम्युनिटी कॉलेजं करतात. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली असं पहिलं कॉलेज निघालं. गावाजवळ, कमी फीत, दोन वर्षांत नकाशे काढायला आणि साइट चालवायला शिकवायचं, आणि पुढे ज्याला पदवी हवी त्याला विद्यापीठात वर चढू द्यायचं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानेही कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. माझ्या मते आमच्या जिल्ह्यात ते काम खरं करतात ती आयटीआय आणि तंत्रनिकेतनं, आणि त्यांना जो मान मिळायला हवा तो मिळत नाही. ‘दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून इथे घेतला’ असं आईबापच चारचौघांत बोलतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. पुण्याचं इंजिनिअरिंगचं सीओईपी आज केवढं मोठं आहे! १८५४ साली ते सुरू झालं तेव्हा सरकारी बांधकामांवरच्या दुय्यम अधिकाऱ्यांना शिकवण्याचा तो एक वर्ग होता. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधलं वास्तुकलेचं शिक्षणही १८९६ च्या ड्राफ्ट्समनच्या वर्गातूनच वाढलं. साइटवर लागणारी माणसं तयार करायची, इथूनच आपल्याकडे सगळ्याची सुरुवात झाली आहे.

आता शिकायचं काय ते सांगते. पहिल्या वर्षी हातात टी-स्क्वेअर येतो, पुढे संगणकावर कॅड येतं. प्लॅन म्हणजे काय हे मुलांना लवकर कळतं. घर खिडकीच्या उंचीला आडवं कापलं आणि वरचा भाग उचलून ठेवला, तर वरून जे दिसेल ते. पण सेक्शन काढताना भलेभले थांबतात. घर उभं कापायचं, पायापासून आढ्यापर्यंत, आणि आतलं दाखवायचं. कौल रिपेवर कसं बसतं, रीप वाशावर कशी, वासा भिंतीवर कशावर टेकतो, भिंत जोत्यावर, जोतं पायावर, आणि पाया जमिनीत किती खाली जातो. हे ठाऊक नसेल तर सेक्शन काढताच येत नाही, नुसत्या रेघा ओढल्या जातात. माझ्या मते बांधकामाच्या शिक्षणाचा कस सेक्शनमध्ये लागतो. माझ्याकडे उन्हाळ्यात प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा स्वतःच्या घराचा सेक्शन काढून आणायला सांगते. माळ्यावर चढल्याशिवाय तो होत नाही.

डिप्लोमाच्या मुलांना आता काही आठवड्यांचं प्रत्यक्ष साइटवरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. कारण आखणी काही वर्गात शिकता येत नाही. आखणीच्या दिवशी काय होतं ते जवळून सांगते. जागा साफ झालेली असते, लाल मातीत खुंट्या ठोकलेल्या असतात, लाईनदोरी ताणलेली असते. पहिली रेघ रस्त्याला किंवा हद्दीला धरून पक्की करायची. तिच्यावर काटकोन काढायचा. गवंडी ज्याला गुण्या म्हणतात ते लोखंडी साधन एका खोलीपुरतं ठीक असतं. अख्ख्या घराला दोरीचाच काटकोन लागतो. एका दोरीवर तीन फूट मोजून खूण, दुसरीवर चार फूट, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं पाहिजे. मोठ्या घराला मी नऊ, बारा, पंधरा घेते. लहान त्रिकोणात अर्ध्या बोटाची चूक दिसत नाही आणि तीच चाळीस फुटांवर वीतभर होते. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चुन्याची फक्की मारायची. शाळेत ज्याचा पायथागोरस पाठ होता पण समजला नव्हता, त्याला तो इथे समजतो. मी मुलांचे चेहरे पाहिले आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

मग लेव्हल. पॉलिटेक्निकमध्ये ऑटो लेव्हल, थिओडोलाइट, टोटल स्टेशन ही सगळी यंत्रं हाताळायला मिळतात आणि ती यायलाच हवीत. पण आमच्या साइटवर अजून पाण्याची पारदर्शक नळीच आधी निघते. एक टोक एका खांबाशी, दुसरं दुसऱ्याशी, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीवर थांबतं, तिथे पेन्सिलीची खूण. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे एक गवंडी काका प्रत्येक नव्या मुलाला बजावायचे, “पाणी खोटा सांगना नाय, पण नळयेत बुडबुडो रवलो तर पाणीय फसयता.” म्हणून नळी भरताना ती आधी उन्हात धरून बघायची. यंत्रामागचं आणि नळीमागचं तत्त्व एकच आहे. ज्याला दोन्ही येतात तो कुठल्याही साइटवर अडत नाही.

इथवरचं सगळं नागपूरच्या मुलालाही लागू आहे. आमच्या किनाऱ्याचं म्हणून जे वेगळं आहे ते इथून पुढे सुरू होतं, आणि माझं खरं म्हणणं त्याबद्दल आहे.

आमची घरं चिऱ्याची. जांभा दगड खाणीतून कापून काढायचा, त्याचे ठोकळे ते चिरे. पूर्वी टिकावाने आणि कुऱ्हाडीसारख्या हत्याराने काढायचे, आता यंत्राच्या पात्याने कापतात. चिरेखाणी दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि पावसाच्या तोंडावर बंद होतात. जांभ्याचा एक मोठा गुण असा की खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो, सहज तासता येतो, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की टणक होत जातो. म्हणून शहाणा मालक चिरा आधी आणून रचून ठेवतो आणि मग लावतो. बांधकामाची घाई झाली की हा काळ पहिल्यांदा कापला जातो. चांगला चिरा कसा ओळखायचा? त्याच्या भोकांत पांढरी किंवा पिवळी माती भरलेली असेल तर तो कच्चा, पावसात ती माती धुऊन जाते आणि चिरा पोकळ होतो. हातोडीने ठोकल्यावर आवाज घट्ट यायला हवा. शिवाय चिऱ्याला अंगचा पाणी पिण्याचा स्वभाव आहे. जोत्यावर ओल अडवणारा थर घातला नाही तर जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि आतला गिलावा श्रावणात फुगतो. जुन्या घरांची जोती उंच आणि पाखी खाली उतरलेली असतात ती याचसाठी. भिंतीला पावसाचा मार लागूच द्यायचा नाही, असा त्या बांधणाऱ्यांचा विचार होता.

हे सगळं मला वडिलांकडून मिळालं. वर्गात मिळालं नाही, याचा दोष मी शिक्षकांना देत नाही, त्यांनी आम्हाला फार जीव लावून शिकवलं. पण तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम अख्ख्या राज्याला एकच आहे. माझ्या वेळच्या पुस्तकांत विटेची बांधणी पानंच्या पानं होती, इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड, कोपरे, सांधे सगळं. जांभ्याला काही ओळी. भारतीय मानक ब्यूरोचं जांभ्याच्या ठोकळ्यांसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस ३६२०, १९७९ सालचं. ते आहे हे मला काम सुरू केल्यावर कळलं. ज्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक भिंत चिऱ्याची आहे तिथल्या मुलाला चिरा दाबयंत्रात घालून तो किती भार घेतो हे स्वतः बघायला मिळालं पाहिजे. खाणीवर जाऊन वरच्या थरातला चिरा आणि खालच्या थरातला चिरा यांतला फरक हाताने बघायला मिळाला पाहिजे. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट मिठाची. ती मी दर वर्षी, दर साइटवर, न कंटाळता सांगते, कारण इथे नुकसान होतं ते मालकाच्या आयुष्यभराच्या कमाईचं. काँक्रीटचं आपलं मुख्य मानक म्हणजे आयएस ४५६, सध्याची आवृत्ती २००० सालची. त्यात हवामानाच्या माऱ्याप्रमाणे पाच वर्ग केले आहेत. सगळ्यांत सौम्य हवेत सळईवर काँक्रीटचं आवरण २० मिलिमीटर चालतं. किनाऱ्याच्या उघड्या हवेला तोंड देणारं बांधकाम तिसऱ्या, म्हणजे तीव्र वर्गात येतं, तिथे ४५ मिलिमीटर लागतं. थेट समुद्राचे तुषार उडत असतील तर ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. काँक्रीटची ताकदही त्याप्रमाणे वाढवायची असते. तीव्र वर्गाला कमीत कमी एम-३०. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. सेंट्रिंगवाला सळईखाली खडीचा एखादा तुकडा सरकवतो. तो काँक्रीट ओतताना हलतो आणि सळई फळीला टेकते. वर गिलावा झाला की कुणालाच काही दिसत नाही. खारी हवा मात्र आत शिरत राहते. सळईला गंज चढला की तिचं आकारमान कितीतरी वाढतं, आणि ती आतून काँक्रीट फोडते. मग सज्जाच्या कडेला तांबूस रेघ येते, पुढे पापुद्रा सुटतो आणि एक दिवस स्लॅबचा खालचा थर खाली येतो. चिऱ्याचं घर दोन-तीन पिढ्या बघतं आणि त्याला जोडून बांधलेला स्लॅबचा पोर्च मालकाच्या डोळ्यांदेखत जातो, हे चित्र आमच्या किनाऱ्यावर गावोगावी आहे.

त्यावर उपाय महाग नाही. कामाच्या आधी ४५ मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक साइटवरच ओतून, पाण्यात ठेवून तयार करायचे. तारेने सळईला बांधायचे. खाडीची वाळू न धुता वापरायची नाही. पूर्वीचे गवंडी वाळूचा कण जिभेला लावून बघायचे, आता क्लोराइडची चाचणी करता येते आणि ती कशी करायची हे काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या विषयात असतं. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते काँक्रीटला घ्यायचं नाही. एक अडचण मात्र खरी आहे. एक-दीड-तीन असं घमेल्यांनी मोजून एम-२० च करता येतं. त्यापुढच्या ताकदीला प्रयोगशाळेतून मिश्रण ठरवून घ्यावं लागतं, आणि रेडी मिक्सची गाडी आमच्या वाडीच्या पाणंदीत शिरत नाही. इथे तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा गावाच्या किती उपयोगी पडू शकते याचा विचार व्हावा असं मला कळकळीने वाटतं. परिसरातल्या बांधकामांसाठी इथल्या खडी-वाळूची मिश्रणं मुलांनीच ठरवून द्यावीत, १५० मिलिमीटरचे ठोकळे पाडावेत, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघावेत. अभ्यासही होईल, गावाचं कामही.

मालवणच्या राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला त्याचं अनावरण झालं होतं, म्हणजे वर्षही पुरं झालं नव्हतं. तो दिवस या जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या मनाला लागला आहे. दोष कुणाचा, हे ठरवण्याची जागा ही नाही. मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना एवढंच सांगितलं की या वाऱ्यात कुठलीही सळई, नट, बोल्ट, वेल्डिंग लावताना ते आपण शेवटचं बघतो आहोत असं समजून बघायचं.

छपराचंही थोडं सांगते. मंगलोरी कौलं आपल्याकडे घरोघरी दिसतात, त्यांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला. त्याआधी नळीची कौलं, गवत, झावळ्या. कौलारू छपराची देखभाल दर मे महिन्यात लागते. शाकारणी, म्हणजे कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून परत लावणं, याला आता माणसं मिळत नाहीत. म्हणून लोक पत्रा घालतात. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पत्रे कागदासारखे उडाले. पत्रा उडतो तो बहुतेक कडेपासून. वारा पाख्याखाली शिरून त्याला वर उचलतो, आणि हूक गंजलेले असले की मग काहीच धरत नाही. कडेच्या ओळीला जास्त हूक, वाशाला भिंतीशी बांधणारी पट्टी, एवढं मुलांनी सेक्शनमध्ये काढलेलं असलं आणि गवंड्याने वाचलेलं असलं तर छप्पर राहतं.

आणि विजयदुर्गचा किल्ला. आमच्या घरांच्या खिडक्यांतून तो दिसतो, पण बांधकामाचा विद्यार्थी म्हणून त्याच्याकडे बघणारी मुलं थोडी. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने तो बांधायला घेतला असं मानतात. शिवाजी महाराजांनी तो वाढवला, पुढे आंग्र्यांचं आरमार इथून चाललं, १७५६ साली इंग्रजांनी तो घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आमचा विजयदुर्ग आहे. मी मुलांना तिहेरी तटाच्या कडेने चालवते. तट वर जाताना आतल्या बाजूला कललेला असतो तो का, तटातलं पाणी बाहेर काढायला वाटा कशा ठेवल्या आहेत, पिंपळ-उंबराचं मूळ सांध्यात शिरलं की चिरा कसा बाहेर ढकलला जातो. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात तटाचे काही भाग ढासळले, तेव्हा ही शेवटची गोष्ट सगळ्यांनी पाहिली. जुन्या तटाला सिमेंट लावून चालत नाही. सिमेंटचा थर टणक, तो ओल आत कोंडतो आणि शेजारचा मऊ दगड झिजतो. तिथे चुनाच हवा, भिजवलेला, मुरवलेला. ते काम करणारे हात आमच्या गावात आता जवळजवळ उरले नाहीत. खाडीत आंग्र्यांची गोदी आहे, गिर्ये-रामेश्वरला डोंगर कापून काढलेली देवळाची वाट आहे. हे सगळं ज्यांनी केलं त्यांच्या गावातल्या मुलाला चुना कसा मळायचा ते माहीत नसावं, हे मला सहन होत नाही. वारसा यादीत नाव आलं, म्हणजे डागडुजीचं काम पुढची अनेक वर्षं निघत राहणार. ते इथल्या मुलांच्या हातून व्हावं असं वाटत असेल तर चुनेकामाचा, जांभ्याच्या घडाईचा छोटा अभ्यासक्रम जवळच्या आयटीआयत आताच सुरू करायला हवा.

किल्ल्यामुळे गावातल्या घरांनाही नियम आहेत, तेही मुलांना यायला हवेत. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. किनारा म्हणून सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम वेगळे. आपल्या घराचा कोपरा नेमका कुठे येतो हे नकाशावर दाखवता आलं नाही तर साध्या दुरुस्तीचा अर्जही अडकतो. गावातल्या किती म्हाताऱ्या माणसांचे अर्ज मी अशा नकाशांसाठी करून दिले आहेत! एक चांगला ड्राफ्ट्समन गावात असला तर त्याला काम शोधत फिरावं लागत नाही. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्याला काही वर्षांचा अनुभव घेऊन सुपरवायझर म्हणून नोंदणी करता येते आणि ठराविक आकारापर्यंतच्या घरांची कामं स्वतःच्या सहीने बघता येतात.

ज्यांचं शाळेशी जमलंच नाही अशा मुलांचे पालकही येतात. त्यांना मी पाबळबद्दल सांगते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात शास्त्रज्ञ होते, ते सोडून या दुष्काळी गावात येऊन राहिले. तिथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे, ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेचा. शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही घेतात. मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज ही सगळी कामं खऱ्या गिऱ्हाइकासाठी करत शिकतात. त्रिकोणी सांगाड्यांचे तिथले घुमट प्रसिद्ध आहेत, मुलांनीच बांधलेले. आधी हात, मग त्यामागचं गणित, हा कलबागांचा क्रम मला पूर्ण पटतो. माझं स्वतःचं शिक्षणही तसंच झालं, फक्त माझा आश्रम माझ्या वडिलांची साइट होती.

मुली या कामात टिकतात का, असं आया हळूच विचारतात. टिकतात. साइटवर पहिले काही दिवस कामगार तुमच्याकडे न बघता ठेकेदाराकडे बघून उत्तर देतात. ओळंबा स्वतः सोडून एकदा भिंत तपासून दाखवली की ते थांबतं. आज आमच्या साइटवर विजापूरकडचे, उत्तर प्रदेशातले, ओडिशातले कामगार असतात. आमची मुलं मुंबईला गेली. बाहेरून आलेली ही माणसं कष्टाळू आहेत, पण त्यांना चिरा ठाऊक नसतो, त्यांना तो दाखवावा लागतो. तो दाखवणारी माणसं इथलीच हवीत, मग ती मुलगी असो की मुलगा.

सध्या आम्ही एक काम हाती घेतलं आहे. तिर्लोट, सौंदाळे, मुटाट या बाजूंची जुनी चिरेबंदी घरं भराभर पाडली जात आहेत. भावाभावांत वाटण्या होतात, मुंबईकरांना परवडत नाही, कुणी बागेसाठी जागा मोकळी करतं. पाडायला माझा विरोध नाही, घर मालकाचं आहे. पण पाडण्याआधी ते मोजून कागदावर यावं म्हणून मालकाला विचारून आम्ही आत जातो. दोघांनी टेप धरायची, एकाने वहीत लिहायचं, एकाने माळ्यावर चढून कोनवासा, तुळई, खांबांच्या कुसांचं माप घ्यायचं. मग प्लॅन, चारही बाजूंची दर्शनं आणि किमान दोन सेक्शन. प्रत्येक घराची एक प्रत मालकाला आणि एक माझ्याकडे. प्रशिक्षणाला आलेल्या मुलांना सेक्शन शिकवायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. सौंदाळ्याच्या एका घराचा माळा अजून मोजायचा राहिला आहे. मालक गणपतीनंतर ते उतरवणार आहेत, तेव्हा पाऊस लागायच्या आत तिथे दोन मुलं आणि एक शिडी न्यायची आहे.